मल्लव्वानं काढलेले डोळे

निमंत्रणपत्रिका मल्लव्वाला कुणी पाठवली नव्हती. शेजारच्या शिवशरणनं मोबाइलवर आलेली दाखवली. "काकू, ह्यो आमचा आज्जा न्हवं?" पत्रिकेवरून बसप्पा आज्जा टक लावून बघत होता. खाली छापलं होतं: 'नजर. धैर्यशील इंगवले यांचं प्रदर्शन, कोल्हापूर. मूळ छायाचित्रकार: अज्ञात.'

अज्ञात! गडहिंग्लजच्या बाजारपेठेत चाळीस वर्षं फोटो स्टुडिओची पाटी लावून बसलेला रुद्रय्या, मल्लव्वाचा नवरा, अज्ञात! अर्ध्या तालुक्याच्या लग्नांत तो आल्याशिवाय अक्षता पडत नव्हत्या. मल्लव्वाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

धैर्यशीलला ती चांगली ओळखत होती. बडोद्याला कला शिकून आलेला कोल्हापूरचा गडी. रुद्रय्या गेल्यावर महिन्याभरात तो दारात हजर. "काकू, जुने फोटो वाळवी खाईल. मी जपून ठेवतो," म्हणाला. लग्नांचे, बारशांचे गठ्ठे त्यानं बाजूला सारले आणि लाल पत्र्याची एक पेटी तेवढी उचलली. "काय बघतात हो ही माणसं!" असं म्हणत गेला. फोटो कुणाचे, कधी काढले, कसे काढले, एका शब्दानं विचारलं नाही. शहाण्यांना विचारायची सवय नसते.

विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. ती पेटी मेलेल्यांची होती.

लिंगायतांत गेलेल्या माणसाला बसवतात. कपाळाला विभूती, डोक्याला पटका, ताठ बसवून मग नेतात. पूर्वी कित्येकांचा जन्मात एक फोटो निघालेला नसायचा. माणूस गेला की घरचे रुद्रय्याकडे पळत यायचे. तो बसलेल्या देहाचा फोटो काढायचा आणि फोटोतल्या मिटलेल्या पापण्यांवर बारीक ब्रशनं डोळे रंगवायची मल्लव्वा. रुद्रय्याला ते जमत नसे, हात कापायचा त्याचा. आता गेलेल्याचे डोळे कसे होते, हे तिला कुठलं माहीत? ती समोर आरसा ठेवायची आणि स्वतःचेच बघून काढायची. घरच्यांना ते आपल्या माणसाचे वाटायचे. मग फोटोच्या कोपऱ्यात स्टुडिओचा शिक्का बसायचा आणि एक प्रत पेटीत जायची. पत्रिकेवर नेमका तो कोपरा कापलेला होता.

दुसऱ्या दिवशी एसटीनं कोल्हापूर गाठून ती त्याच्यापुढं उभी राहिली. कलादालनात फोटो लागत होते, पुरुषभर उंचीचे. सात तिच्या पेटीतले. आठवा धैर्यशीलचा स्वतःचा. तसाच पटका, तशीच विभूती, तसाच ताठ बसलेला.

"पोरा, नाव का न्हाय घातलंस आमचं?"

तो मायेनं हसला. लहान मुलाला समजावतात तसं समजावू लागला. "काकू, काळ बदलला. आधी फोटो म्हणजे पुरावा होता. मग ती कला झाली, काढणाऱ्याची सही आली. आता उत्तराधुनिक जमाना आहे. जुन्या फोटोवरून नवा फोटो करायचा, त्याला नवा अर्थ द्यायचा. मूळ कुणी काढला, हा प्रश्नच उरत नाही. फोटो जो बघेल त्याचा."

"आन् शिक्का?"

"नजरेला अडथळा होत होता तो."

"एक वळ तरी लिव्ह खाली. रुद्रय्या हिरेमठ. एवढंच."

"मग सगळी कलाकृतीच बदलेल, काकू. उद्घाटनाला मात्र या. पुढच्या खुर्चीवर बसवतो तुम्हाला."

आयत्या बिळात नागोबा, आणि वर बिळाच्या मालकिणीलाच पाहुणचार! मल्लव्वाच्या जिभेवर सगळं आलं होतं. तिनं ते गिळलं. आत्ता सांगितलं तर हा चार ओळी बदलून मोकळा होईल. तिला आता नुसतं नाव नको होतं. भरल्या सभेत त्याचं नाक कापायचं होतं.

"येती की," ती म्हणाली.

गडहिंग्लजला येऊन ती सात घरं फिरली. "तुमच्या माणसाचा मोठा फोटो कोल्हापुरात लावलाय. रविवारी दर्शनाला चला." हार आणा, असं तिनं कुणालाही सांगितलं नाही. ते काय सांगावं लागतं?

रविवारी दुपारी दालन भरलं. पुण्याहून आलेले समीक्षक माईकवर रंगात आले होते. "बघा ही जिवंत नजर! सामान्य माणूस इथं कॅमेऱ्यालाच जाब विचारतो आहे." टाळ्या पडल्या. तेवढ्यात दारातून पन्नासेक माणसं आत आली. हातांत झेंडूचे हार, विभूतीच्या डब्या, उदबत्त्या. शिवशरण थेट बसप्पा आज्जापुढं गेला. त्यानं फोटोतल्या कपाळावर विभूती ओढली, चौकटीला हार अडकवला आणि लोटांगण घातलं. त्याच्या आईनं हंबरडा फोडला. बघता बघता सातही फोटोंवर हार चढले.

"अहो, हात लावू नका! कलाकृती आहे ती!" धैर्यशील धावला.

"पावणं, आज्जा हाय त्यो आमचा," शिवशरण म्हणाला. "मेल्यावर काढलेला फोटो. त्याला हार न्हाय घालायचा तर काय घालायचं?"

समीक्षकांचा माईक खाली आला. "मेल्यावर?"

"व्हय." मल्लव्वा पुढच्या खुर्चीवरून उठली. "सातीच्या साती. मिटलेल्या पापण्यांवर डोळं मी काढल्यात, आरशात बघून. जिवंत नजर म्हणतायसा ती माझी हाय."

ती सभेकडं वळून उभी राहिली. लोकांनी तिच्या डोळ्यांकडं बघितलं, मग भिंतीकडं.

मग तिनं पिशवीतून आणखी एक हार काढला आणि धैर्यशीलच्या फोटोला घातला.

पहिल्या रांगेतून त्याची आई, संयोगिताबाई, किंचाळत उठल्या. "अवो, पोरगा जित्ता हाय माझा! काढा त्यो हार!"

"मला काय म्हाईत? मेलेल्यांच्या रांगंत बसलाय, त्यांच्यागत नटलाय. आन् फोटो जो बघंल त्याचा. त्योच म्हणालाय."

धैर्यशील पांढराफटक पडला होता. "काकू, नाव घालतो. आत्ता घालतो." त्यानं मार्कर घेतला आणि सातही फोटोंखाली लिहिलं: 'फोटो: रुद्रय्या हिरेमठ. डोळे: मल्लव्वा.' मल्लव्वा प्रत्येक फोटोपाशी त्याच्या मागं उभी राहिली, शेवटच्या अक्षरापर्यंत.

"आता तरी हार काढा, बाई. मेल्याचा म्हणून घातलेला हार आईनं कसा काढायचा?" संयोगिताबाईंनी हात जोडले.

मल्लव्वाला त्या आईची कीव आली, पण राग त्याहून मोठा होता. "त्यो फोटो माझा न्हाय. ज्याचा हाय त्यानं काढावा."

धैर्यशीलचा हात हाराकडं गेला. "तू नगं लावूस हात, अपशकुन हाय!" आई ओरडली, तसा तो मागं आला. समीक्षकांनी दुसरीकडं बघितलं. दालनातलं कुणीच पुढं झालं नाही.

"चल रं," मल्लव्वा शिवशरणला म्हणाली, "साडेपाचची गाडी चुकंल."