मंदीतली तारीख

“सीझनमध्ये नाही जमायचं, मामा.” मॅनेजरने टेबलावरचं कॅलेंडर त्यांच्याकडे फिरवलं. “मालकांचा हुकूम आहे. सीझनची तारीख हवी तर पूर्ण भाडं, मग मागणारा हॉलचा माणूस का असेना. पण मंदीत घ्या ना! हे बघा थंडीचे दोन महिने, आपल्याकडच्या गारठ्यामुळे कोरे करकरीत पडलेत. अर्ध्याच्याही खाली देतो.”

“थंडीत...” मामा पुटपुटले.

“का? थंडीत माणसं लग्न करत नाहीत? उलट बरं, नवरदेवाला घाम फुटायचा नाही.” मॅनेजर स्वतःच्याच विनोदावर खो खो हसला.

मामा हसले नाहीत. मात्र त्यांच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. मंदी म्हणजे आपली सगळी माणसं रिकामी! इतकी साधी गोष्ट आधी कशी सुचली नाही? त्यांनी एका शनिवारावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “हा धरा.”

मामा खरं तर कुणाचेच मामा नव्हते. तरुणपणी या हॉलवर खुर्च्या मांडायच्या कामाला लागले, कुणीतरी तशी हाक मारली आणि ती जन्माची चिकटली. लग्न कुणाचंही असो, खुर्च्या मामांनी मांडायच्या आणि पाहुणे पांगले की मामांनीच उचलायच्या. नात्यातली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. पण हॉलवरचा गोतावळा मोठा होता. तोंडाने फटकळ म्हणून ज्याला सगळे ‘तिखट्या’ म्हणत तो आचारी, माइक आणि स्पीकर लावणारा ‘भोंगा’, फुलांची सजावट करणाऱ्या दोघी बहिणी, फोटोग्राफर, वाढपी, भांडी घासणाऱ्या बायका. पाहुण्यांच्या गाड्या गेल्या की ही सगळी मंडळी स्वयंपाकघरामागे बसून उरलंसुरलं जेवायची आणि दिवसभराच्या पाहुण्यांची यथेच्छ टिंगल करायची.

तिथेच तिखट्या एकदा म्हणाला होता, “मामा, तुमच्या पोरीच्या लग्नात आपण सगळे पुढच्या रांगेत बसायचं. पायावर पाय टाकून! आणि आपली ताटं उचलायला मालक.”

सगळे पोट धरून हसले होते. मामांनी मात्र ते मनात जपून ठेवलं होतं. या माणसांना लग्नात पाहुणे म्हणून बसवायचं तर ते मंदीतच शक्य होतं. सीझनमध्ये ती दुसऱ्या कुणाच्या तरी लग्नात राबत असणार.

घरी बायकोला हे पटलं नाही. ती म्हणाली, “अहो, स्वस्त आहे ते उगाच का? थंडीत कोण येणार? कुत्रं बाहेर पडत नाही त्या दिवसांत.”

“माझी माणसं येतील.”

“बाबा, आपण घरीच करू ना,” लेक म्हणाली. ती एका चष्म्याच्या दुकानात कामाला होती आणि बापासारखीच हळू बोलायची. “दहा-पंधरा माणसांत. थंडी सरली की करू. खर्चही नाही आणि दगदगही नाही.”

“घरी?” मामांचा आवाज चढला. “आयुष्यभर लोकांच्या लग्नात खुर्च्या मांडल्या मी, आणि माझ्या एकुलत्या एका लेकीचं लग्न घरी? तुझ्या सासऱ्यांनी विचारलं मला, तुमच्याकडची माणसं किती म्हणून. मी सांगून बसलोय, हॉल भरेल!”

लेकीला सासऱ्यांसमोर हॉल भरून दाखवायची काही हौस नव्हती. पण बापाचा चेहरा पाहून ती म्हणाली, “बरं. तुम्ही म्हणाल तसं.”

सीझनच्या गडबडीत मामांनी कुणाला तारीख सांगितली नाही. पातेली उतरवताना, वायरी गुंडाळताना कसलं आलंय आमंत्रण! ते कसं चांगले कपडे घालून, घरी जाऊन, दोन शब्द बोलून द्यावं. सीझनमधलं शेवटचं लग्न पार पडलं, हॉलला कुलूप लागलं, आणि थोड्या दिवसांनी मामा इस्त्रीचा सदरा घालून निघाले. इतक्या वर्षांच्या ओळखी, पण यांच्यापैकी कुणाचं घर त्यांनी पाहिलेलं नव्हतं. विचारत विचारत ते तिखट्याच्या दारी पोचले. दार त्याच्या बायकोने उघडलं. मामांनी ओळख सांगून त्याची चौकशी केली.

“ते कुठले घरी असायला? सीझन संपला की दुसऱ्या दिवशी जातात. खाणीवरच्या मेसमध्ये. तुम्हाला माहीत नाही?”

“खाणीवर?”

“दरवर्षी. मग मंदीत आम्ही खायचं काय, मामा?” ती हसतच म्हणाली. तिला त्यात बोचणारं काही वाटलं नव्हतं.

“एक दिवस सुट्टी काढून...”

“रोजावर कसली हो सुट्टी? एक खाडा केला की जागेवर दुसरा उभाच असतो. बसा, चहा टाकते.”

चहा मामांना गोड लागला नाही. पुढे फुलवाल्यांच्या घराला कुलूप होतं. दोघी बहिणी मासळीच्या कारखान्यात गेल्याचं शेजारणीने सांगितलं. फोटोग्राफर दुसऱ्या शहरात कुठल्याशा गोदामावर पहारा करत होता. वाढप्यांचा तर पत्ताच लागेना. भोंगा फोनवर सापडला, तो ट्रक चालवत होता. ट्रकच्या घरघरीत त्याचा आवाज नीट येत नव्हता.

“मंदीत? मामा, मंदीत कुणी लग्न ठेवतं का?”

“मला वाटलं, तुम्ही सगळे मोकळे असाल.”

“मोकळे!” भोंगा म्हणाला. “अहो, सीझनमध्ये धरली असती तारीख तर आम्ही तिथंच होतो की. काम करता करता का होईना, पण असतो. निदान आधी बोलायचं तरी होतं हो.”

मामांनी फोन खिशात ठेवला आणि ते रस्त्याच्या कडेला तसेच उभे राहिले. त्यांना स्वतःची लाज वाटली. या सगळ्या गोतावळ्यात महिन्याचा पगार तेवढा त्यांनाच होता. मंदीत हॉल झाडायला आणि खुर्च्यांना रंग द्यायला ते कामावर असत. बाकीच्यांचं हातावर पोट. मंदीत ही माणसं जातात कुठे, करतात काय, हे त्यांनी इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. आपल्यासारखीच घरी पाय पसरून बसत असतील, असंच ते धरून चालले होते.

तारीख बदलणं आता हातात नव्हतं. मुलाकडच्यांनी रजा टाकल्या होत्या, बस ठरवली होती. लेकीला त्यांनी एवढंच सांगितलं, “एखाद-दुसरा येणार नाही म्हणतोय.” ती “हं” म्हणाली.

लग्नाच्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की हॉलच्या फाटकातून हॉल दिसत नव्हता. मामा सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या मांडत होते.

“आज तरी राहू द्या,” बायको म्हणाली. “मुलीचे बाप आहात तुम्ही.”

“दुसरं कोण मांडणार?”

त्यांनी हॉलच्या सगळ्या खुर्च्या मांडल्या, अगदी दारापर्यंत. कोण जाणे, एखादा ट्रक वळला, एखाद्याला सुट्टी मिळाली तर! आशा मोठी चिवट असते, तिला थंडीवाऱ्याची पर्वा नसते. मग त्यांनी नवा कोट चढवला आणि ते दारात उभे राहिले.

मुलाकडची बस आली. ती माणसं एका बाजूला नीट बसली. मामांच्या बाजूला चार शेजारी, चष्म्याच्या दुकानातल्या मुली, बायकोकडचं एक कुटुंब आणि मुलांना शालीत गुंडाळून आलेली तिखट्याची बायको. बस, एवढेच. त्यांच्या मागे रिकाम्या खुर्च्या रांगेने स्टेजकडे तोंड करून उभ्या होत्या. मुलाकडची एक बाई मान वळवून त्या रांगांकडे पाहत होती. तिने शेजारणीच्या कानात काहीतरी सांगितलं. आपलं नाक कापलं जाईल याचं मामांना तेवढं वाटत नव्हतं. पण लेक आता आतून येईल, स्टेजवरून समोर पाहील, आणि तिला जन्मभर हे असं आठवत राहील.

अशा वेळी काय करायचं हे मामांना ठाऊक होतं. माणसं कमी जमलेल्या लोकांच्या लग्नांत त्यांनी ते किती वेळा केलं होतं. मागच्या रांगा गुपचूप काढून घ्यायच्या, बाजूच्या आत ओढायच्या, मधली वाट रुंद करायची. उरलेल्या माणसांना “जरा पुढे या, इथे वारं लागतं” म्हणत मधोमध आणायचं. आहे तेवढ्या माणसांत हॉल भरलेला दिसतो. त्यांनी कोट काढून खिडकीत ठेवला आणि ते मागून कामाला लागले. लोखंडी खुर्च्या, पण एकीचाही आवाज झाला नाही.

“अहो, ते दार लावून घ्या हो,” मुलाकडचे कुणी एक गृहस्थ म्हणाले. “आणि गरम पाणी मिळेल का प्यायला?”

“आणतो,” मामा म्हणाले. त्यांनी दार लावलं, पाणी आणून दिलं आणि पुन्हा खुर्च्यांना हात घातला.

लेक स्टेजवर आली तेव्हा हॉलमध्ये एकही खुर्ची रिकामी नव्हती. अगदी भरगच्च नाही, पण भरलेला दिसत होता. व्याही मामांच्या बायकोकडे वाकून म्हणाले, “शब्द खरा केला हं त्यांनी. आहेत कुठे पण?”

मामा कोटाची बटणं लावत बाजूने पुढच्या रांगेपर्यंत आले आणि थबकले. बायकोच्या एका हाताला व्याही होते, दुसऱ्या हाताला तिखट्याच्या बायकोचा धाकटा मुलगा पेंगत होता. पुढे, मागे, कुठेच जागा नव्हती, आणि आता सगळ्यांदेखत एक खुर्ची ओढत आणणं बरं दिसलं नसतं. मागून माणसं मोजत आणि खुर्च्या उचलत येताना त्यांनी स्वतःला मोजलंच नव्हतं.

बायकोच्या ते लक्षात आलं. ती अर्धवट उठली. “अहो, तुम्ही बसा इथे.”

मामांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. “बस तू. मला सवय आहे.”

स्टेजवर लेकीची नजर आईच्या शेजारी गेली. तिथे बाप नव्हता, म्हणून ती नजर रांगेवरून फिरली आणि कडेला उभ्या बापापाशी येऊन थांबली. तिने भरलेल्या हॉलकडे पाहिलं, मधल्या रुंद वाटेकडे पाहिलं. किती केलं तरी ती खुर्च्या मांडणाऱ्याची मुलगी होती. तिचे डोळे भरून आले. पाहुण्यांना वाटलं, मुली रडतातच अशा वेळी.

“आता सर्वांनी उभं राहावं,” मुलाकडच्या कुणीतरी माइकवरून सूचना केली.

सगळा हॉल उभा राहिला. लेकीने नवऱ्याचा हात हातात घेतला आणि टाळ्या वाजल्या. मामांनीही वाजवल्या, इतरांपेक्षा जरा जास्तच वेळ. तेवढ्या वेळात ते चारचौघांसारखेच एक पाहुणे दिसत होते.

मग सगळे खाली बसले.