नाना थांबायचे

नाना गेले आणि ताईंचं पितळ उघडं पडायची वेळ आली.

आता पितळ होतं हे खुद्द ताईंनाही कुठे ठाऊक होतं म्हणा! वर्षानुवर्षं हॉटेलच्या हॉलमध्ये जॅझ गाणारी बाई. हिला मात्रा मोजता येत नाहीत, असं कुणाच्या मनात तरी येईल का? पण नव्हत्या येत. नाना पियानोवर सुरुवातीचा तुकडा वाजवायचे, आणि ताई तयार नसल्या तर तोच घोळवत बसायचे. ताईंनी श्वास घेतला की मगच पुढे सरकायचे. ताई ओळ विसरल्या तर बोटांची अशी काही करामत करायचे की ऐकणारे माना डोलवायचे, आणि तोवर ताईंना ओळ आठवायची. आपण गातो आणि नाना मागून येतात, अशी ताईंची समजूत.

आज त्याच हॉलमध्ये नानांच्या आठवणींचा कार्यक्रम होता. पियानोवर संगीतशाळेतल्या एक बाई होत्या. हात तयार, स्वभाव सरळ. कार्यक्रमाआधीच्या तालमीत ताई पुन्हा पुन्हा चुकल्या.

"ताई, आठ मात्रा झाल्या की ओळ उचला ना," बाई म्हणाल्या.

"नाना थांबायचे."

"कधी थांबायचं ते मला कसं कळणार?"

बरोबरच होतं बाईंचं. ताई आतल्या खोलीत येऊन बसल्या. तिथे नानांची बायको होती. ताई तिला वहिनी म्हणत. न राहवून त्यांनी विचारलं, "वहिनी, नानांनी मला मोजायला का नाही हो शिकवलं?"

वहिनी म्हणाल्या, "मीही म्हटलं होतं. त्यांना बाहेरून बोलावणं आलं होतं, एकट्यानं वाजवायला. म्हटलं, ताईंना शिकवा आणि खुशाल जा. तर म्हणाले, ती शिकली तर तिला माझी गरज काय उरली?"

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भला माणूस, देवमाणूस म्हणून जन्मभर ज्याला मान दिला, त्यानं गोड बोलून दावणीला बांधलं होतं. आणि स्वतःही तिथेच बसून राहिला. भांडायचं तरी आता कुणाशी?

बाहेर ताईंचं नाव पुकारलं गेलं.

पियानो सुरू झाला. ताईंनी मोजायला घेतलं, मोजण्याच्या नादात शब्द गेले, शब्द सापडले तोवर जागा निघून गेली. त्या भलत्याच ठिकाणी शिरल्या. बाई थांबल्या नाहीत. गाणं पुढे, ताई मागे, अशी शेवटपर्यंत फरफट झाली. आवाज दोनदा फाटला. मान खाली घालून त्या उभ्या राहिल्या, आता लोक हसणार म्हणून.

सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता.

आयोजक डोळे पुसत आले. "नानांच्या आठवणीनं गळा दाटून आला हो तुमचा. असं मनापासून तुम्ही कधीच गायला नव्हतात. पुढच्या महिन्यात पुन्हा ठेवू या."

मेल्यावरही नानांनी सावरून घेतलं होतं. ताई सांगणारच होत्या, अहो, गळा कसला दाटतोय, मला येत नाही. तेवढ्यात वहिनींनी त्यांचा हात धरला.

"हो म्हणा ताई. तेवढंच यांचं नाव राहील."

ताई हो म्हणाल्या.