दगडाकडची बाजू

मी गुणवंतराव. तीस वर्षं कृषी सहायक म्हणून गोंडपिपरी तालुक्यात झाडं तपासली. निवृत्त झालो तरी लोक मलाच बोलावतात. माणसाला ताप आला तर आधी अंगारा, मग डॉक्टर; झाडाला काही झालं तर थेट गुणवंतराव. याचा मला फार अभिमान होता, लपवत नाही.

यंदा पौषात थंडीनं कहर केला. केळी करपली, लिंबं वाळली. मी गावभर सांगत फिरलो, परसात धूर करा, झाडं वाचतील. शकुबाईच्या परसात तर मी स्वतः जागा दाखवली, जामाच्या बुडाशी. पुण्याकडे ज्याला पेरू म्हणतात, तो आमचा जाम. धूर झाडापासून लांब, वाऱ्याच्या अंगानं करायचा असतो, हे मला माहीत होतं. पण पुढे चार घरं करायची होती, तिथंही चहा ठरलेला होता. उभ्या उभ्या बोट दाखवलं आणि निघालो.

शकुबाई सांगितल्या शब्दाबाहेर जाणारी बाई नाही. वीस दिवस तिनं तिथंच शेकोटी पेटवली.

झाड साधं नव्हतं. तिच्या आदेशची नाळ त्याच्याखाली पुरलेली. माघात झाडाची पानं गळली आणि त्याच आठवड्यात आदेशला कावीळ झाली. झालं! शकुबाईनं सुनेला धरलं. सून उर्वशी, चामोर्शीची, लग्नाला दोन वर्षं झालेली. जामाजवळच्या दगडावर ती कपडे धुवायची. साबणाच्या पाण्यानं हिनं झाड मारलं, आता नवऱ्याला मारायला निघाली, असा सासूनं निवाडा केला. फाल्गुनात मला बोलावलं ते त्यावर शिक्का मारायला.

परसात शेजारपाजार गोळा झाला होता. आदेश खाटेवर पडलेला, हळदीसारखा पिवळा, आणि तोंडात गूळ धरल्यासारखा गप्प. असल्या नवऱ्यापेक्षा खाट बरी, ती निदान कुरकुरते तरी.

"गुणवंतभाऊ, तुमीच सांगा," शकुबाई म्हणाली. "साबनानं मेलं असंन तं हे आजच माहेरी जाईन. मले माहा पोरगा जिता पायजे."

"भाऊ, सासूबाईच शेकोटी पार खोडाले लागून पेटवत होत्या," उर्वशी म्हणाली. "मी म्हनलं होतं, दूर लावा. तं म्हने, तुले का समजते? तुमी पाहा तं खरं."

झाडात जीव आहे की नाही हे पाहायची रीत सोपी आहे. सालीला नख मारायचं. आत हिरवं, ओलं निघालं तर जिवंत. तपकिरी, कोरडं निघालं तर गेलं. मी शेकोटीच्या बाजूला नख मारलं. करपलेल्या भाकरीचा पापुद्रा सुटावा तशी साल सुटली, आत सगळं कोरडं. मग दगडाकडच्या बाजूला मारलं, जिथं दोन वर्षं साबणाचं पाणी पडत होतं. हिरवंगार. नखाला ओल लागली.

उर्वशी माझ्या खांद्याशीच उभी होती. तिनं पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. पोरीला वाटलं, सुटले.

मला काय वाटलं तेही सांगतो. वाटलं, शेकोटीनं मेलं म्हणालो की उद्या पाच घरचे लोक आपापल्या झाडांकडे पाहतील आणि मग माझ्याकडे. तीस वर्षांचा गुणवंतराव पानठेल्यावरचा विनोद होईल. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"साबणच," मी म्हणालो. "मुळं जळाली."

"भाऊ!" एवढंच ती म्हणाली. दुपारच्या बसनं तिला माहेरी धाडलं. आदेश खाटेवरून उठलासुद्धा नाही.

मग मी माझं काम मन लावून केलं. जळक्या फांद्या कापल्या, मेलेली साल खरवडली, खोडाला शेणमातीचा लेप दिला, शेकोटीची राख उचलायला लावली. चैत्रात दगडाकडच्या बाजूनं फूट आली. आदेशची कावीळही तोवर उतरली होती. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. पण शकुबाई गावभर सांगत सुटली, "अवदसा गेली, माहं झाड जगलं, माहा पोरगा जगला!" लोक मान डोलवायचे. झाड समोर हिरवं उभं होतं, त्याहून मोठा पुरावा कोणता? मीच ते जगवलं होतं.

श्रावणात शकुबाई टोपलीभर जाम घेऊन दारात आली. चामोर्शीला फारकतीची बैठक होती, मी साक्षीला हवा होतो. गेलो. न जाण्यासारखं मी काय केलं होतं?

उर्वशी वाळली होती. तिचा बाप हात जोडून बसलेला. ती मात्र रडली नाही की कोणाच्या पाया पडली नाही. सरळ माझ्याकडे पाहून म्हणाली, "भाऊ, एकच सांगा. दगडाकडच्या बाजूले तुमी नख मारलं, तवा आत हिरवं निघालं होतं ना?"

सगळी बैठक माझ्याकडे वळली. आदेशनंही पहिल्यांदाच मान वर केली. एक 'हो' म्हणायचा अवकाश होता.

"आता कुठी आठवते, बाई," मी म्हणालो. "लय दिवस झाले."

कागद पुढे सरकवला गेला. त्यावर साक्षीदाराची पहिली सही माझी आहे.