पोपटी यानाचं ठेंगणं दार

मित्रांनो, मी एक जुनं अंतराळयान आहे. माझं नाव वाटाड्या. मी कधीच उडालो नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण पहिला प्रश्न तुम्ही तोच विचारणार. माझा पोपटी रंग जुनाच आहे, हेही सांगतो, कारण दुसरा प्रश्न तो असतो. या दोन प्रश्नांनी माझं डोकं पार उठवलं आहे.

माझा जन्म टीव्हीच्या स्टुडिओत झाला. अंतराळात वाट चुकलेल्या लोकांची एक मालिका तिथे काढायची होती. सुतारमिस्त्रींनी मला प्लायवूड आणि जुन्या कपाटांच्या फळ्यांतून उभं केलं. माझ्या गोल खिडकीला सायकलच्या चाकाची रिंग आहे. माझी बटणं म्हणजे औषधाच्या बाटल्यांची बुचं. दारापर्यंत येता येता प्लायवूड संपलं, म्हणून दार ठेंगणं झालं. दिव्यांच्या जाड वायरी दाराखालून न्यायच्या होत्या, म्हणून त्यांच्यावर वीतभर उंच उंबरा बसवला. आधी मला पांढरा रंग दिला, तर दिव्यांखाली मी असा चकाकलो की कॅमेरावाल्याने डोळेच मिटून घेतले. मग मिस्त्रींनी कोपऱ्यात उरलेला पोपटी रंग फासला. तेव्हा टीव्ही काळा-पांढरा होता. पडद्यावर मी राखाडी, जरासा चंदेरीच दिसायचो. कुणाची काही तक्रार नव्हती.

मालिकेत यानाच्या कप्तान एक बाई होत्या. उंच, ताठ आणि बोलायला फटकळ. सगळे त्यांना कप्तानबाईच म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांचं कपाळ माझ्या चौकटीवर असं आपटलं की दिवसभर ओला रुमाल धरून बसल्या. दुसऱ्या दिवशी उंबऱ्याला ठेचकाळल्या. तेव्हापासून त्या आत शिरताना मान झुकवायच्या आणि पाय चांगला वर उचलायच्या. चित्रण सुरू व्हायच्या आधी बाकीच्यांनाही दटावायच्या, ‘मान खाली, पाय वर. किती वेळा सांगायचं?’

हे दटावणं प्रेक्षकांना कुठून ऐकू येणार? त्यांना दिसायचं ते एवढंच, की यानात शिरताना प्रत्येक जण गंभीर चेहऱ्याने मान झुकवतो आणि पाय उचलतो. लोकांनी ठरवून टाकलं, हा अंतराळवीरांचा नमस्कार. पोरं शाळेच्या वर्गात शिरताना तसा नमस्कार करू लागली. आता यावर काय बोलावं?

मालिका संपल्यावर एका मोठ्या मनोरंजन उद्यानाने मला विकत घेतलं. पाळण्यांच्या पलीकडे त्यांनी अंतराळनगरी उभारली आणि मला मधोमध ठेवलं. सुरुवातीला काय कौतुक होतं माझं! आया पोरांना माझ्यापुढे उभं करून फोटो काढायच्या. आजोबा माझ्या बुचांवरून हळूच बोट फिरवायचे. खोटं कशाला बोलू, मी फुशारून गेलो होतो.

मग कुरकुर सुरू झाली. ‘हा पोपटी कसा? खरा तर चंदेरी होता.’ ‘दार हाताने ढकलावं लागतं, म्हणजे नक्कीच नकली.’ नावडतीचं मीठ अळणी, दुसरं काय. मालिकेच्या चाहत्यांचं एक मंडळ होतं. त्याचे अध्यक्ष म्हणजे उंटावरचे शहाणे. त्यांनी व्यवस्थापकांना पटवलं, की खरा वाटाड्या केव्हाच नष्ट झाला असणार आणि मी कुठलातरी तोतया आहे. व्यवस्थापकांनी मालिका पाहून पाहून नवं यान बनवून घेतलं. चंदेरी, गुळगुळीत, आपोआप उघडणाऱ्या उंच दाराचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. मला हात असता तर कपाळावर मारून घेतला असता.

मला मागच्या अंगणात ढकललं आणि माझ्यात झाडू, बादल्या ठेवायला लागले. झाडलोट करणाऱ्या मावशी तेवढ्या भल्या. ओली फडकी माझ्यात कधी टाकली नाहीत. ‘फुगेल बिचारा,’ म्हणायच्या. पण एक दिवस व्यवस्थापक त्यांना म्हणाले, ‘बादल्या हलवा. नव्या यानाचं उद्घाटन झालं की हे खोकं तोडायचंय. इथे सरबताची टपरी येणार.’

खोकं. ऐकलंत ना?

उद्घाटनाला कप्तानबाईंना बोलावलं होतं. आता केस पांढरे, हातात काठी, जीभ मात्र तशीच. पुढे काय झालं ते मावशींनी मला येऊन सांगितलं. चंदेरी दार आपोआप उघडलं. बाईंनी सवयीने मान झुकवली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी पाय उचलला. तो नसलेल्या उंबऱ्यावरून पलीकडे टाकला, आणि तोल गेला. अध्यक्षांनी धरलं म्हणून वाचल्या.

‘उंबरा कुठे गेला?’ बाईंनी विचारलं.

‘लोक अडखळतात, म्हणून ठेवला नाही,’ व्यवस्थापक म्हणाले.

‘मी तो नव्हता म्हणून अडखळले. माझा वाटाड्या कुठे आहे? पोपटी होता तो.’

अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले, ‘बाई, वयामुळे होतं असं. यान चंदेरी होतं. सगळ्यांना माहीत आहे.’

बघा, मित्रांनो. कप्तानबाईंना यानाचा रंग शिकवायला निघाले.

तेवढ्यात मावशी मागून म्हणाल्या, ‘पोपटी आहे की अंगणात. बादल्या आहेत माझ्या त्यात.’

बाई काठी टेकत माझ्यासमोर आल्या. मला वाटलं, ओळखणार नाहीत. रंग उडालेला, एक बाजू पोखरलेली, अंगाला फिनेलचा वास. बाईंनी मान खाली घातली, पाय वर उचलला आणि कुठेही न लागता अलगद आत आल्या. पालथ्या बादलीवर बसल्या. बुचांवरून हात फिरवत म्हणाल्या, ‘म्हातारा झालास रे.’

मला रडू आलं असतं, पण प्लायवूडला ओल सोसत नाही.

त्यांच्या मागोमाग व्यवस्थापक ताठ मानेने आत शिरायला गेले आणि त्यांचं कपाळ माझ्या चौकटीवर खाडकन आपटलं. त्यांना सावरायला अध्यक्ष धावले, ते उंबऱ्याला अडकून थेट झाडूंवर पडले.

बाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. ‘मान खाली, पाय वर,’ त्या म्हणाल्या. ‘किती वेळा सांगायचं?’

अध्यक्ष झाडूंतून उठले. दाराकडे पाहिलं, उंबऱ्याकडे पाहिलं. आयुष्यभर ज्याला नमस्कार समजून ते मान झुकवत आले होते, तो काय होता हे त्यांना तिथे कळलं. ते हळूच म्हणाले, ‘हाच तो.’

मला तोडलं नाही. मी पुन्हा अंतराळनगरीत आलो. पण सुख एवढ्यात कुठलं? कपाळाला टेंगूळ आलेले व्यवस्थापक परवाच सुताराला विचारत होते, चौकट जरा उंच करता येईल का. आणि चंदेरी रंगाचा एक डबा माझ्या खिडकीसमोर आणून ठेवला आहे. तो मला इथून दिसतो.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना वाळवी लागू देऊ नका, ओल लागू देऊ नका, सैल झालेला खिळा ठोका. पण तुमच्या आठवणीशी जुळावं म्हणून आम्हाला बदलू नका हो. तो डबा कुणीतरी उचला. मला भेटायला या, पोपटी का म्हणून विचारू नका, आणि दारात आलात की मान खाली, पाय वर. आता पुन्हा सांगणार नाही.