गोष्टीतलं पोर

जीपमध्ये विजयाबाईंना दम निघत नव्हता. मांडीवर त्यांचं पहिलंवहिलं पुस्तक होतं आणि ते गोजरबाईंच्या हातात कधी ठेवते, असं त्यांना झालं होतं. अकोल्यात मास्तरकी करण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्तीनंतर चार डोंगरवाड्या पालथ्या घालून त्यांनी पोरांसाठी जुन्या गोष्टी गोळा केल्या. त्यातली सगळ्यांत गोड गोष्ट ह्याच म्हातारीची: पाण्यातल्या साती आसरा एका पोराला खेळायला ओढून नेतात, ती.

शेवट मात्र गोजरबाई आपल्या मनाचा करत. पोर इतकं खादाड निघतं, की आसराच वैतागून त्याला काठावर आणून सोडतात. बाकी तिन्ही वाड्यांत पोर परत येत नाही. आई टिटवी होऊन काठाकाठाने हाका मारत फिरते. विजयाबाईंनी चारी गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आणि जुना, अस्सल म्हणून टिटवीचा शेवट घेतला. बाई पडल्या शिस्तीच्या. चित्रकाराने दोन पानं भरून रिकामा काठ काढला, वर एक टिटवी. संपादकांना तर गहिवरून आलं.

गोजरबाईंच्या ओसरीवर सून चांगुणा आणि नात निकिताही येऊन बसल्या. पुस्तकात 'सांगणार: गोजरबाई' असं छापलंय, हे ऐकून म्हातारी चक्क लाजली. "वाच गं," म्हणाली. निकिता वाचू लागली आणि गोजरबाई हुंकार देऊ लागल्या. गोष्टीला हुंकार हवाच, नाहीतर ती पुढे सरकत नाही. शेवट जवळ आला तशा त्या खुशीत आल्या आणि नातीच्या आधीच मोठ्याने म्हणाल्या, "घे बाई तुजं पोर, लई खातंय!"

"तसं न्हाई, आज्जी. बुकात बघ की," निकिता म्हणाली आणि तिने टिटवीचा शेवट वाचून दाखवला.

हुंकार आला नाही. गोजरबाईंनी पुस्तक ओढून घेतलं आणि रिकाम्या काठावरून बोट फिरवलं.

"बाई, पोर कुठंय?"

"आजी, बाकीच्या वाड्यांत असंच सांगतात," वर्गातला समजावणीचा आवाज लावून विजयाबाई म्हणाल्या.

"मी न्हाई तसं सांगितलं. आन नाव माजं हाय."

चहाच्या निमित्ताने चांगुणा त्यांना आत घेऊन गेली. चुलीपाशी हळूच म्हणाली, "मालकांचा थोरला भाऊ, कल्याण. ल्हानपनीच धरनाच्या पान्यात गेला. लई हुडकला, घावलाच न्हाई. आदी आत्याबाई बी टिटवीचंच सांगायच्या. तवापासून गोष्टीतलं पोर घरी आनत्यात."

अस्सल, अस्सल करत काय आणून टाकलं होतं विजयाबाईंनी ह्या घरात! बाहेर येऊन त्यांनी म्हातारीचा हात धरला. "आजी, चुकलं माझं. पुढच्या छपाईत बदलते." पण पुढची छपाई कधी, देव जाणे. टेम्पो कालच तालुकाभरच्या शाळांत पुस्तकं वाटून गेला होता.

निकिताला काय उमगलं कुणास ठाऊक. तिने दप्तरातून पेन्सिल काढली आणि रिकाम्या काठावर एक पोर काढलं. गोल डोकं, काड्यांचे हातपाय, हातात भाकरी.

गोजरबाईंनी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. बराच वेळ बघितलं. पोर पसंत पडलं असावं, कारण त्यांनी एक हुंकार दिला. मग त्या विजयाबाईंकडे वळल्या.

"आन बाकीच्या बुकांत, बाई?"