काचेच्या तारेची तगमग

मी जमिनीखालून बोलतेय. धुळ्याबाहेरच्या एका कॉलेजात, ग्रंथालय आणि ऑफिस यांच्या मधल्या काळ्या मातीत मी पडून आहे. मी उजेडाची तार. माझ्या पोटात केसाएवढे बारीक काचेचे तंतू आहेत. उजेड धावला की जिवात जीव येतो, थांबला की नुसती तगमग.

माझ्याआधी इथे खांबांवरून तांब्याची तार होती. एका पावसाळ्यात तिच्यावाटे आभाळातली वीज ग्रंथालयात शिरली. कॉम्प्युटर जळाला आणि त्यापुढे बसलेल्या ग्रंथपाल यशोदाबाई खुर्चीसकट कोसळल्या. भाजलेला हात बरा झाला, पण भीती बोटांत बसली. नवा कॉम्प्युटर आला, तर त्या त्याच्या जवळ जाईनात.

शेवटी प्राचार्य म्हणाले, "जमत नसेल, तर बाई, संस्थेच्या शिंदखेड्याच्या शाळेत जा. तिथे कॉम्प्युटर नाही."

यशोदाबाईंना ते फार लागलं. या ग्रंथालयातलं पहिलं कपाट त्यांनी लावलं होतं.

शहाण्णव साली कॉम्प्युटर विभागाच्या रतिलाल सरांनी मला आणवलं. चर खणणाऱ्या झुलालनं मला चाचपून विचारलं, "सर, यामा करंट शे का?"

"नाही रे. धातूचा कणसुद्धा नाही. नुसता उजेड जातो."

त्याला पटेना. सरांनी त्याला पलीकडे ऑफिसात पाठवलं आणि माझं इकडचं टोक यशोदाबाईंपुढे धरलं. "बाई, तुम्हीच बॅटरी लावा."

"मी नाही हो हात लावणार!"

"लावून तर बघा."

शेवटी त्यांनी पेटवलेली बॅटरी माझ्या टोकाला टेकवली. झुलाल ऑफिसच्या ओट्यावर धावत येऊन ओरडला, "दिखनं! उजाये दिखनं!"

यशोदाबाई हसल्या. मला मात्र भरवसा नव्हता. निरभ्र दिवशी हसणं सोपं असतं.

दाखले काढायच्या दिवसांत आभाळ काळवंडलं. ऑफिससमोर मुलांची रांग. पुस्तकं परत आल्याचा निरोप ग्रंथालयातून आल्याशिवाय दाखला मिळत नसे. एवढ्यात पाण्याच्या टाकीवर वीज कडाडली. यशोदाबाई ताडकन उठून दारापर्यंत गेल्या. निरोप थांबले. माझा जीव टांगणीला लागला.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. माझ्यातून एक नाव गेलं, चुकलेलं. लगेच तेच दुरुस्त होऊन गेलं. मग दुसरं, तिसरं. पलीकडे रांग हलली. वर पुन्हा कडकडाट झाला, पण नावं थांबली नाहीत.

रतिलाल सर भिजत धावत आले. "बाई, घाबरलात का?"

"घाबरलेय ना! पण मुलं ताटकळलीत. बसा तिथे, मध्ये बोलू नका."

पुढे शिंदखेड्याचं नाव कोणी काढलं नाही.

आता नव्या वसतिगृहाच्या नळासाठी चर खणताहेत. माझ्यावर खुणेला रचलेल्या विटा कोणीतरी चुलीला नेल्या. कुदळीचे धक्के रोज जवळ येताहेत आणि मला ओरडता येत नाही. खणणाऱ्या दादा, घाव घालायच्या आधी जरा हातानं माती बाजूला कर. या घडीलाही यशोदाबाईंचा शब्द माझ्यातून धावतोय. तो पोचू दे.