उंबराचं पाणी

सत्त्याऐंशी सालचा मे महिना. मालाडच्या गावठाणात इव्हाच्या अंगणात लग्नाचा मसाला कांडला जात होता. तिच्या पॅट्रिशियाचं लग्न चार दिवसांवर आलेलं. मिरच्या, धणे, जिरे इव्हा स्वतःच्या हातानं तोलून देत होती आणि शेवंती लांब मुसळानं लाकडी उखळात कांडत होती. शेवंती कणकवलीकडची. गावठाणाला लागून असलेल्या झोपड्यांत राहायची.

काम उरकलं तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते.

"बाय, वायच पाणी देशात? हात जळतत."

इव्हानं तिच्या हातांवर तांब्या ओतला आणि नेहमीसारखा मागच्या दारानं एक हंडाही भरून दिला. झोपड्यांचा नळ होळीपासून कोरडा होता. रस्ता खणताना पाइप फुटला, तो कुणी जोडलाच नाही. तिथल्या बायका स्टेशनापलीकडून पाणी वाहून आणायच्या. हाकेच्या अंतरावर गावठाणाची विहीर होती, भर उन्हाळ्यातही पाणी धरून असलेली, पण तिच्या जाळीला कुलूप. चावी कॉस्मसकडे. तो इव्हाचा मोठा दीर आणि गावच्या मंडळाचा प्रमुख. रोजच्या एका हंड्यानं इव्हाचं मन मात्र शांत असायचं. आपल्या परीनं करतोय ना, बस!

त्या संध्याकाळी गावच्या क्रुसापाशी मे महिन्याची रोजरी, जपमाळेची प्रार्थना होती. बायबलमधला उतारा वाचायची पाळी इव्हाची. फादरांनी नेमून दिलेली ओळ तिनं काढली आणि मोठ्यानं वाचू लागली. पुदिना, शेप, जिरे यांचा दहावा वाटा चोख मोजून देणाऱ्यांना येशू फटकारत होता, कारण न्याय, दया आणि विश्वास या भारी गोष्टी त्यांनी टाकून दिल्या होत्या.

जिऱ्यापाशी तिचा आवाज अडला. बोटांना अजून जिऱ्याचा वास होता. दया तिनं केली होती, हंडाभर. पण न्याय?

तिनं पुस्तक मिटलं. "भाऊजी, विहिरीची चावी द्या."

कॉस्मस चकित झाला. "आत्ता? कशाला?"

"झोपड्यांतल्या बायकांसाठी. दोन वर्षांपूर्वी विहिरीतला गाळ शेवंतीच्या नवऱ्यानं, दशरथनं, आणि त्याच्या माणसांनी काढला. तेव्हा ते आपल्याला चालले. आता पाण्याला चालत नाहीत?"

"आणि विहीर आटली तर?"

"आटली तर सगळ्यांची आटेल. पाणी देणारा वर बसलाय, असं रोज म्हणतो ना आपण?"

माणसं कुजबुजू लागली. कॉस्मसचा चेहरा लाल झाला. "इव्हा, पोरीचं लग्न तोंडावर आलंय. बाहेरच्यांना विहीर उघडायची गोष्ट काढलीस, तर उंबराच्या पाण्याला गावातलं कुत्रंही तुझ्या दारात येणार नाही."

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वाजतगाजत विहिरीवर जायचं, हंडे भरून आणायचे आणि त्या पाण्यानं नवरीला आंघोळ घालायची, हे उंबराचं पाणी. गावाशिवाय ते कसलं? इव्हानं लेकीकडे पाहिलं.

"नाही आले तर नाही आले, मम्मा," पॅट्रिशिया म्हणाली. "मी शेवंतीमावशीला घेऊन जाईन."

ती संध्याकाळ आली. बँडवाले दारात येऊन थांबले, पण मांडवात घरच्यांशिवाय कुणीच नव्हतं. इव्हाचा नवरा अर्बन सारखा रस्त्याकडे बघत होता. "आता गं काय करायचं?"

"निघायचं," इव्हा म्हणाली. तिनं हंडा डोक्यावर घेतला.

बँड वाजू लागला. तीन माणसं आणि वाजंत्री, एवढीच वरात. वळणावर शेवंती आणि तिच्या शेजारणी नवी लुगडी नेसून, रिकामे हंडे घेऊन उभ्या होत्या. त्या मागून चालू लागल्या. मग एक खिडकी उघडली. दुसरी उघडली. कुणी म्हातारी ओटीवरून उतरली, कुणी लेकरू कडेवर घेऊन निघाली. विहिरीपर्यंत पोचेतो मागे अख्खं गावठाण होतं.

कुलपापाशी कॉस्मस उभा होता. बँड थांबला.

"मी घरी जाऊन तो उतारा परत वाचला," तो इव्हाला म्हणाला. "वाटलं, तूच चुकीचं वाचलं असशील." त्यानं घसा खाकरला. "चुकीचं नव्हतं गं."

त्यानं कुलूप काढलं, जाळी बाजूला ढकलली आणि बाह्या सरसावून स्वतः दोर धरला. पहिली घागर वर आली तशी शेवंती संकोचून मागे सरली.

"पुढे ये, बाय," कॉस्मस म्हणाला. "उद्यापासून मला विचारायचं नाही. यायचं, भरायचं, न्यायचं."

शेवंतीनं पदराचा बोळा तोंडाला लावला आणि हंडा पुढे केला. बायकांनी एकच गिल्ला केला. ट्रम्पेटवाल्यानं कुणी न सांगता धून धरली, पोरी फेर धरून नाचू लागल्या, आणि कॉस्मसच्या तळहातांना फोड येईस्तोवर घागरी वर येत राहिल्या.

हंडे भरून सगळी निघाली. फाट्यावर बँडवाला गोंधळला. डावीकडे लग्नघर, उजवीकडे झोपड्या.

"कुठं वळायचं, बाई?"

इव्हा काही बोलायच्या आत पॅट्रिशियानं उजवीकडे हात केला. "आधी तिकडे!"

आणि डोक्यांवर हंडे हिंदकळत, अंगं भिजवत, वरात वाजतगाजत झोपड्यांत शिरली.